झाकणाखालची दोन माणसं

१

नव्या प्रकाराची बातमी आली तो सोमवार होता. मी ओट्यापाशी उभी राहून टोस्टला लोणी लावत होते. रेडिओवरची बाई सांगत होती, विषाणूचा आणखी एक प्रकार सापडला आहे, तो आधीच्यांपेक्षा वेगानं पसरत असावा, लोकांनी घाबरून जाऊ नये. घाबरू नका म्हटल्यावर लोक जे करतात तेच त्यांनी केलं. मी नऊच्या सुमाराला कामावर निघाले तेव्हा औषधाच्या दुकानाबाहेर रांग लागली होती आणि रांगेतली दोन माणसं अंतर ठेवण्यावरून भांडत होती, तीही एकमेकांच्या अगदी तोंडाशी जाऊन.

मी सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शहरातल्या ठिकठिकाणच्या गटारांतून बाटल्या येतात, आम्ही त्यांत विषाणू शोधतो. खोकला आला म्हणून माणूस डॉक्टरकडे जाईल किंवा जाणार नाही, संडासला मात्र जातोच. त्यामुळे कुठल्या भागात काय शिरलंय ते तिथल्या लोकांच्या आधी आम्हाला कळतं. काम स्वच्छ नाही, पण शांत आहे. मला ते आवडतं.

बाटल्या भरून आणणारे आमचे सहकारी पंचावन्नचे आहेत. दिवसाला तीस-तीस चेंबरची झाकणं उचलतात म्हणून त्यांना सगळे झाकणराव म्हणतात. तेही फोन उचलून "झाकणराव बोलतोय" असंच म्हणतात.

त्या सोमवारी आमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना गोळा केलं.

"नवा प्रकार इकडे शिरला तर पहिला माणूस पकडता आला पाहिजे," त्या म्हणाल्या. "एकट्या माणसाचं आपल्या यंत्रांना दिसतं का, ते आधी बघू. एकच माणूस राहतो आणि चेंबरही स्वतंत्र आहे, असं घर कुणाच्या माहितीत आहे?"

"माझं घ्या," मी म्हणाले. "चेंबर अंगणात आहे. त्यात फक्त माझ्या घराचं पाणी पडतं. पुढे चांगला उतार आहे, रस्त्यावरचं उलटं काही येत नाही. आणि मी एकटीच असते."

"म्हणजे ताई, आता तुमचंही मीच उचलायचं?" झाकणराव म्हणाले. "आपल्यात काही आडपडदा राहू देणार की नाही?"

सगळे हसले, मीही हसले. माझा नवरा पहिल्या लाटेत गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं आणि दोन महिने झाले होते. माझ्यासमोर हसायचं की नाही, हा प्रश्न आता कुणाला पडत नाही. मला ते बरं वाटतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिची रजा संपत आली होती, पाळणाघरं बंद होती. तीन आठवडे काढून चौथ्या रविवारी ती पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन महिनाभर माझ्याकडे येणार होती.

"वरची खोली देशील ना आम्हाला? तिला स्वतंत्र बाथरूम आहे, बरं पडेल," ती म्हणाली. "बाबांची म्हणून तू ती बंद ठेवतेस, मला माहितेय. पण आई, आता बास."

"उघडते की," मी म्हणाले. "पण हा नवा प्रकार आलाय, त्याचं काय?"

"दिवसभर गटारात नाक घालून बसणारी तू, आणि घाबरवतेस मला?"

२

झाकणरावांनी मंगळवारी माझ्या अंगणातल्या चेंबरमध्ये नळी सोडली आणि डबा बसवला. हा डबा दर वीस मिनिटांनी आपोआप एक घोट पाणी ओढतो आणि तासातासाच्या वेगळ्या बाटलीत ठेवतो. चोवीस तासांच्या चोवीस बाटल्या.

पहिला निकाल शुक्रवारी आला. विषाणू शोधण्याआधी आम्ही माणसं मोजतो. ढोबळ्या मिरचीतून पोटात जाणारी आणि जशीच्या तशी बाहेर पडणारी एक निरुपद्रवी खूण असते. ती किती सापडली त्यावरून झाकणाखाली साधारण किती माणसं आहेत ते समजतं. माझ्या घराचा आकडा दोन आला.

"पाहुणे आलेत आणि आम्हाला चहाला नाही बोलावलंत, ताई," झाकणराव म्हणाले.

"मी एकटीच दोघांचं जेवते, असं समजा."

"प्रकृतीकडे बघून वाटत नाही हो."

मी कारण शोधलं, आणि मिळालंही. त्या आठवड्यात ढोबळ्या मिरच्या स्वस्त होत्या आणि मी चार दिवस त्याच खात होते. प्रमुख बाईंनी मान डोलावली, वहीत तसं टिपून ठेवलं आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

दुपारी डबा खाताना मी सहज तासांचा तक्ता काढला. माझ्या सकाळच्या बाटल्या होत्या, रात्री झोपण्याआधीची होती. आणखी एक भरलेली बाटली दुपारी दोन ते तीनची होती. तिच्यात खूण सगळ्यांत जास्त होती.

दुपारी दोन ते तीन मी प्रयोगशाळेत असते. आत्ताही तिथेच बसले होते.

पाईपात कुठेतरी साचून राहिलं असेल आणि उशिरा सुटलं असेल, असं मी ठरवलं. जुन्या घरांत होतं तसं. मी तक्ता घडी करून पिशवीत ठेवला आणि उरलेला डबा संपवला. त्या दिवशी मला भूक चांगली लागली होती, हे मला आठवतं.

३

पुढच्या शुक्रवारी प्रमुख बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, तुमच्या चेंबरमध्ये विषाणू सापडलाय. तुम्ही तपासणी केलीत?"

"रोज सकाळी करते. काही नाही."

"आत्ता करा."

मी त्यांच्यासमोरच नाकात काडी घातली. पंधरा मिनिटं आम्ही दोघी त्या पट्टीकडे बघत बसलो. रेघ एकच आली.

"नवा प्रकार आहे का?" मी विचारलं.

"तो असता तर बरं झालं असतं, निदान समजला असता. हा जुना आहे. पहिल्या लाटेतला." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "हा आता कुठेही सापडत नाही. दीड वर्ष झालं, संपला म्हणून आपणच कळवलंय. आणि हा नुसता जुनाही नाही. मूळच्यापेक्षा यात एकवीस बदल आहेत. मधल्या कुठल्याच प्रकाराशी जुळत नाहीत."

मला अर्थ समजला होता. तरी त्या बोलल्या.

"बाहेर पसरलेला असता तर इतरत्र दिसला असता. हा एकाच माणसाच्या शरीरात राहिलाय, सव्वादोन वर्षं. तो माणूस बराही झाला नाही आणि..." त्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. "आणि बाहेरही पडला नाही. हा बाहेर आला तर लशीला ओळखू येईल का, मला सांगता येत नाही. आणि तान्ह्या मुलांना तर लसच नाही."

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल," मी म्हणाले. "जुना साठा आपल्याच फ्रीजरमध्ये आहे."

"मलाही तसंच वाटतंय. वाटायला हवं म्हणून वाटतंय." त्या जरा हसल्या. "पुढच्या शुक्रवारी झाकणराव पुन्हा नमुना घेतील. या वेळी डबा नको, हातानं घेऊ दे. पुन्हा तेच आलं तर मला वर कळवावं लागेल. मग ते लोक येतील. घर रिकामं करून घेतील, आत-बाहेर सगळं फवारतील. तुम्हाला माहितीच आहे."

मला माहीत होतं. ती माणसं एकदा आमच्याकडे येऊन गेली होती.

४

रविवारी मी पाईप तपासायचा ठरवला. आमच्याकडे त्याची सोपी रीत आहे. कुठल्या संडासाचं पाणी कुठे जातं ते बघायचं असेल तर फ्लशच्या टाकीत रंग टाकतात आणि चेंबरपाशी थांबतात. माझ्याकडे हिरव्या रंगाची पूड होती.

दोन वर्षांत पहिल्यांदाच मी वरच्या खोलीत गेले. खोली नीट होती. गादीवर चादर नव्हती, खिडकी बंद होती, खुर्ची भिंतीशी होती. बंद खोलीला येतो तसा कोंदट वास असेल म्हणून मी नाकाशी रुमाल धरला होता. तसा वास नव्हता. बाथरूममधल्या टाकीत मी दोन चमचे पूड टाकली. लादी पायाला गार लागली. साबण कोरडा होता. त्याला मधोमध चीर गेली होती, ते बघून मला हायसं वाटलं. टाकी गळत असेल तर चेंबरमध्ये हिरवी धार दिसेल, मग प्लंबरला बोलावू, असा हिशेब होता. मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि खाली आले.

चेंबरचं झाकण सरकवून मी शेजारी स्टूल ठेवलं. ऊन छान होतं. मी चहा आणला, वर्तमानपत्र आणलं. पहिलं पान नव्या प्रकाराचं होतं. तो कुठून आला असावा, याबद्दल पाच तज्ज्ञांची पाच मतं होती. शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"सुट्टीच्या दिवशीही गटारच?"

"सवय लागली हो. ऊन खातेय."

"जागा बाकी झकास शोधलीत."

साडेबारापर्यंत काही नाही. एकपर्यंत काही नाही. चेंबरच्या तळाची पन्हळ कोरडी होती, एक मुंगी तिच्यावरून आरामात पलीकडे गेली. टाकी गळत नव्हती.

दोन वाजून दहा मिनिटांनी घरात वरच्या मजल्यावर पाणी सुटल्याचा आवाज झाला. मग भिंतीतल्या पाईपातून ते खाली येताना ऐकू आलं. मग माझ्या पायांशी हिरवंगार पाणी आलं, एकदम, पूर्ण टाकीभर. त्याच्यावर टॉयलेट पेपरचा तुकडा होता. पाणी गेलं, आणि वर टाकी पुन्हा भरायला लागली. ती जुनी टाकी आहे, भरताना शेवटी शीळ घालते. शीळ संपेपर्यंत मी ऐकत होते.

नंतर खोकला ऐकू आला. दोनदा. दुसऱ्या वेळी त्यानं तो दाबला, मला त्रास होऊ नये म्हणून दाबायचा तसा.

मी झाकण जागेवर ढकललं. शेजारीण आत गेली होती. मला आठवतं की मी तेव्हा घाबरले होते. आणि हेही आठवतं की मनात पहिला विचार आला तो असा: त्याला एवढ्या दिवसांत कुणी जेवायला दिलं नाही.

५

माझा नवरा आजारी पडला तेव्हा आमची एक पद्धत होती. तो वर, मी खाली. ताट दाराबाहेर ठेवायचं, दोनदा टकटक करायची आणि पाच पायऱ्या उतरून जिन्याच्या वळणावर थांबायचं. मग तो दार बोटभर उघडायचा. ताट घेण्याआधी एक बोट बाहेर काढायचा. त्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा असायचा. मी वळणावरून आकडा वाचायचे. वर लाल दिवा, खाली अंक. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. "चौदा दिवस काढायचे," तो आतून म्हणायचा, "मग मी माणसात." नवव्या दिवशी आकडा ऐंशीवर आला. पांढऱ्या कपड्यातली माणसं त्याला घेऊन गेली. पुढचं मी पाहिलं नाही. आम्हाला काहीच पाहू दिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी टोस्ट, उकडलेलं अंडं आणि चहा असं ताट केलं. स्वतःशी म्हटलं, ही तपासणीच आहे. संध्याकाळी ताट तसंच असेल, मी ते धुऊन टाकेन आणि प्लंबरला फोन करेन. मास्क लावला, ताट वरच्या दाराशी ठेवलं, दोनदा टकटक केली. वळणावर थांबले नाही. बसची वेळ झाली होती.

संध्याकाळी ताट रिकामं होतं. अंड्याचं साल एका कडेला नीट गोळा करून ठेवलं होतं.

साल मी ताटलीत घेऊन खिडकीपाशी नेलं. उंदीर, मांजर, शेजारणीचा पोपट, सगळ्यांचा विचार केला. उंदीर साल काढत नाही. काढलं तरी रचून ठेवत नाही. शेवटी मी ते केरात टाकलं आणि रात्रीसाठी थोडा जास्त भात लावला.

बुधवारी मी लवकर घरी आले. जिन्याच्या खिडकीतून साडेपाचचं ऊन थेट वरच्या दारावर पडतं. ताट ठेवलं, टकटक केली, पाच पायऱ्या उतरले आणि वळले.

बराच वेळ दार बंद होतं. मग बोटभर उघडलं. आत अंधार नव्हता. साधा उजेड होता, खोलीत असतो तसा. फटीतून एक बोट बाहेर आलं. नख वाढलेलं होतं. बोटाला चिमटा होता आणि त्यात लाल दिवा लुकलुकत होता. अंकही होता. पण चष्मा मी खाली टेबलावर विसरले होते.

"दिसत नाही रे," माझ्या तोंडून गेलं. "चष्मा नाहीये."

बोट तसंच राहिलं. मला दिसायला लागेपर्यंत थांबायचं ठरवल्यासारखं. त्यामागे काहीतरी होतं, दाराच्या उंचीच्या मानानं जरा खाली, वाकल्यासारखं. मी तिकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का, ते मला माहीत नाही. मी खाली जाऊन चष्मा घेऊन आले तोवर दार लागलं होतं आणि ताट आत गेलं होतं.

६

त्या दिवसापासून चष्मा गळ्यात दोरीनं अडकवते. गुरुवारी आकडा ब्याऐंशी होता. शनिवारी सत्त्याऐंशी.

मधल्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता झाकणराव बाटली घेऊन आले.

"आत्ताच भरू की नंतर येऊ? साहेबिणीनं वेळ काही सांगितली नाही."

"आत्ताच भरा. मी नुकतीच जाऊन आलेय."

"ताई, एवढं सांगायला नको होतं हो!"

त्यांनी हसत हसत बाटली भरली. मी खोटं बोलले नाही. दुपारी दोनला या, एवढंच म्हणाले नाही. मंगळवारी निकाल आला. माणूस एक, विषाणू नाही. प्रमुख बाईंनी मला मिठी मारायला हात पसरले, नियम आठवला म्हणून मागे घेतले. फ्रीजरच्या चाव्यांबद्दल सगळ्यांना एक कडक पत्र गेलं आणि प्रकरण मिटलं. तो मंगळवार वरच्या ताटाचा नववा दिवस होता. संध्याकाळी मी जिन्याच्या वळणावर उभी राहिले आणि चष्मा दोनदा पुसला. बोट बाहेर आलं. एक्क्याण्णव. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. दोन वर्षांत ते असं आलं नव्हतं.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. वर काय आहे याबद्दल मी खात्रीनं काही म्हणत नाही. एकवीस बदल म्हणजे काय, ते मला कळतं. विषाणू एका शरीरात इतका काळ राहिला तर तो त्या शरीरात राहायला शिकतो. बहुधा शरीरही शिकत असणार. बोटाचं नख मी एकदा सांगितल्यावर कापलं गेलं. पण पहिल्यापेक्षा हात जरा लांब वाटतो, फटीतून मनगटापर्यंत येतो, आणि मनगट कुठे संपतं ते मला वळणावरून नीट दिसत नाही. तो अजून एक शब्दही बोललेला नाही. खोकला मात्र थांबलाय.

तरीही खरं सांगायचं तर मी समाधानात आहे. सकाळी दोघांचा चहा टाकते. कामावर मन लागतं. बसमध्ये लोक नव्या प्रकाराबद्दल घाबरून बोलतात, तेव्हा मी त्यांना मास्क नाकावर घ्यायला सांगते आणि खिडकीबाहेर बघते. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझं घड्याळाकडे लक्ष जातं. घरी आता पाणी सुटलं असेल, असं वाटतं. कुणीतरी घरी असल्यावर वाटतं तसं.

आज शुक्रवार, लेक येणार म्हणून मी रजा घेतलीय. सकाळी आकडा पंच्याण्णव होता. आज बारावा दिवस, रविवारी चौदावा. रविवारी संध्याकाळी दार बोटभर उघडून थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक असावं. काल-आज आतून फर्निचर हलवल्यासारखा आवाज येतोय. खुर्ची भिंतीपासून दाराकडे आणल्यासारखा.

दुपारी लेकीचा फोन आला. मागे बाळ ओरडत होतं.

"ऐकलंस? तुझी नात जिना चढायच्या तयारीत आहे," ती म्हणाली. "रविवारी दुपारपर्यंत पोचतो आम्ही. वरची खोली झाडलीस ना?"

"झाडली," मी म्हणाले. दोन आठवड्यांपूर्वी रंगाची सांडलेली पूड पुसली होती, तेव्हा झाडलीही होती.

"आवाज केवढा छान येतोय तुझा! बरी दिसतेस."

"बरी आहे मी."

"मग झालं तर. आणि काही आणू?"

वर टाकी भरत होती. शीळ संपल्यावर बोलू असं मी मनाशी म्हटलं. शीळ संपली, बाळ पुन्हा ओरडलं, लेक हसून "ठेवते गं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

वरची खोली मोकळी नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.